बर्फातून परत फिरलीस ते

सावदा,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

चि. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

काल तिकडं हिमाचलातल्या केलाँगहून तुझा फोन आला. "अण्णा, मी घाबरले आणि परत फिरले," एवढं बोललीस, रडायला लागलीस आणि रेंज गेली. रात्री बारापर्यंत फोन लावत बसलो. आता कागदावर लिहितो, धाकटा फोटो काढून पाठवेल. रेंज आली की वाच.

इकडं पारा ४४ वर आहे. माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. काल घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, सांजोऱ्या झाल्या. शेजारच्या पोरी माहेरी आल्यात, दिवसभर लिंबाच्या झोक्यावर होत्या. झोका करकरला की तुझी आई दाराकडं बघायची. आखाजीला गावच्या लेकी घरी, आणि आमची लेक पुण्याहून एकटी गाडी घेऊन बारालाचा खिंडीच्या वाटेवर! हे कुणाला सांगायची सोय नाही. शेजारच्या काकूंना सांगितलं, की वैशूकडं बर्फ पडतोय. त्या म्हणाल्या, "वैशाखात? फ्रीज उघडा राहिला असेल." त्यांना तरी काय माहीत, ते पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात आणि एखादा वैशाखातसुद्धा डोंगरावर बर्फ टाकून जातो.

तू ज्या रस्त्यावर आहेस त्याचा नंबर तीन, हे मला परवा कळलं. आमचा तीन नंबर म्हणजे धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड. त्याच्यावर माझी निम्मी उमर गेली. २०१० साली सरकारनं नंबर बदलले, धुळ्याहून इंदूरकडं जाणारा झाला ५२, आणि तीन नंबर गेला अटारीहून मनाली करून लेहला. म्हणजे बापाचा नंबर लेकीकडं गेला. मला उगीच बरं वाटलं.

आता एक गोष्ट. तू चौथीत होतीस. पाडवा होऊन गेला होता. केळीची गाडी भरून श्रीनगरला निघालो. क्लीनरला अंबाल्यात ताप भरला, त्याला तिथंच एका ओळखीच्याकडं ठेवला आणि एकटाच पुढं गेलो. बनिहालच्या चढाला जवाहर बोगद्याच्या अलीकडं गाड्या थांबवल्या होत्या. संध्याकाळी बर्फ सुरू झाला. पाऊस कसा आवाज करतो, याचा काही आवाजच नाही. काचेवर वायपर फिरायचा, दोन्ही कडेला पांढरी भिंत साचायची, आणि समोरच्या ट्रकचा लाल दिवा हळूहळू गुलाबी होत नाहीसा झाला.

केळीला तेरा अंशांच्या खालची थंडी चालत नाही, हे आपल्याकडं पोरालासुद्धा माहीत. सकाळी ताडपत्रीखाली हात घातला. गवत कोरडं होतं, पण आतला घड हाताला लोखंडासारखा गार लागला. एक केळं तोडलं. एरवी हिरवं केळं तोडलं की चीक ओघळून बोटांना चिकटतो, शर्टाला डाग पडतो. त्या दिवशी चीक नीट आलाच नाही. नखानं साल सोलली तर खाली तपकिरी रेघा. असा माल पिकत नाही, नुसता काळवंडतो. वरचे घड गेले, खालचे वाचण्यासारखे होते, पण पुढं जायला पाहिजे होतं.

घरी मी सांगितलं की रस्ता तीन दिवस बंद होता, म्हणून जम्मूच्या मंडीत निम्म्या भावात माल दिला. मालकाला तेच सांगितलं. ते खोटं होतं, वैशू. रस्ता दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. माझ्या पुढच्या सगळ्या गाड्या गेल्या, मागचेही हॉर्न मारत बाजूनं निघाले. मी स्टार्टर मारला, पहिला गिअर टाकला, आणि पाय क्लचवरून निघेना. पुढच्या वळणावर एक ट्रक आडवा होऊन दरीकडं तोंड करून उभा होता. कुणाला लागलं नव्हतं. पण मला तेवढं पुरलं. मुश्किलीनं गाडी वळवली आणि खाली आलो. नुकसानीचे पैसे पगारातून गेले. त्या आखाजीला आईला लुगडं घेतलं नाही, ते याच्यामुळं.

तुला फोनवर "घाबरले" म्हणता आलं. मला आज लिहिताना घाम फुटलाय, आणि तो उन्हाचा नाही.

दार्च्याच्या पुढं दीपकतालच्या अलीकडं मागचं चाक सरकलं म्हणालीस. सरकणारच. तिथं ब्रेक दाबला असतास तर गाडीनं ऐकलं नसतं. दुसऱ्या गिअरमध्ये सोडून दिलीस, हे कुठं शिकलीस? मी तर शिकवलं नाही.

केलाँगला किती दिवस लागतील ते लागू दे. ऊन पडलं तरी पहाटे निघू नको. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं, सावलीच्या वळणावर ते दिसत नाही. पण ओढे मात्र सकाळीच ओलांडावेत, दुपारी बर्फाचं पाणी चढतं. ही दोन्ही खरी आणि एकमेकांच्या विरुद्ध. मग निघायचं कधी, ते तिथल्याच ड्रायव्हरला चहा पाजून विचार. आमच्याकडचा जुना गडी उस्तादी करतो, मीसुद्धा करतो, ऐकू नको. तांदीच्या पंपावर लेहकडं पुढचा पंप ३६५ किलोमीटर, अशी पाटी असायची. गेलीसच तर टाकी गच्च भर. उंचीवर डोकं दुखलं तर गोळी घेऊन चढू नको, खाली ये.

नाही गेलीस तरी चालेल. सांजोऱ्या डब्यात आहेत, लवकर खराब होत नाहीत.

गाडी रात्री गिअरमध्ये लाव, चाकाखाली दगड ठेव. हँडब्रेक ओढू नको, गोठून बसतो.

तुझा,
अण्णा

ता.क. आईला त्या बनिहालचं अजून माहीत नाही. पण धाकटा फोटो काढताना मोठ्यानं वाचतोय, आणि ती आत पोळ्या लाटता लाटता थांबलीय.