तालमीतली एक ट्यूब आणि नऊ पोरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढ लागला. पंचगंगेला नवं पाणी आलं, त्र्यंबोलीच्या यात्रेची पी-ढबाक आमच्या गल्लीतून वाजत गेली. याच दिवसांत पेठेतल्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास वाढते. गिऱ्हाईक गर्दी सोडून कडेला येतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "काका, ती खाजेची ट्यूब द्या की." मी 31 वर्षं फार्मासिस्ट म्हणून त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्या ट्यूबबद्दल आज लिहायला बसलोय, कारण गेल्या महिन्यात ती माझ्याच घरात आली.

माझ्या पुतण्याचा मुलगा कुस्ती करतो. वय 17. गाव कागल तालुक्यात, पण राहायला इथं तालमीत. रविवारी आमच्याकडं जेवायला येतो. त्या रविवारी पोरगं पाटावर नीट बसेना. सारखं मांडी बदलत होतं, आणि मटणाचं ताट समोर असून लक्ष ताटात नव्हतं. जेवण झाल्यावर त्याला आतल्या खोलीत नेलं. "दाखव," म्हटलं. लाजला, पण दाखवलं.

जांघेपासून पोटापर्यंत चट्टा चढला होता. गजकर्ण मी आयुष्यभर बघितलंय. त्याची एक ठरलेली खूण असते. कडेला लाल, उठावदार, खवल्यांची रेघ आणि मधला भाग त्या मानानं साफ. इथं ती कडच पुसट झाली होती. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ, कुठं नुसतीच तपकिरी झाक, कुठं बारीक पुरळ. आणि जांघेच्या घडीत जांभळट रेघा, बाळंतीण बाईच्या पोटावर असतात तशा. सतरा वर्षांच्या पैलवान पोराला! मला पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "काय लावतोस?"

त्यानं पिशवीतून ट्यूब काढली. शेपटाकडनं गुंडाळत गुंडाळत आणलेली, टोपण हरवलेलं, आणि तोंडाशी कुस्तीच्या हौद्यातली लाल माती चिकटलेली. ट्यूब त्याची नव्हतीच. एका थोरल्या पैलवानानं कुठल्याशा मेडिकलमधून आणलेली, ती खोलीत फिरत होती. "किती जणं लावता?" म्हटलं. त्यानं बोटांवर मोजलं. नऊ.

भिंग घेऊन वेष्टणावरची अक्षरं वाचली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. म्हणजे एक स्टिरॉइड, एक जंतूंवरचं अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं औषध. गिऱ्हाईकाला वाटतं, तिन्ही एकत्र म्हणजे तिप्पट गुण. माझ्या उमेदीच्या काळात मीही असंच सांगत असे. आज त्याची खंत वाटते.

खरं असं आहे. गजकर्ण हे बुरशीमुळं होतं. लाली, खाज, आग हे सगळं आपलं शरीर त्या बुरशीशी झुंजतंय म्हणून होतं. स्टिरॉइड ती झुंजच थांबवतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, एकदोन दिवसांत खाज बंद. माणूस म्हणतो, काय औषध आहे! बुरशी मात्र तिथंच असते, आणि आता तिला अडवणारं कुणी नसतं. त्याच ट्यूबमधलं मायकोनॅझोल आपलं काम करायला कित्येक दिवस घेतं, आणि खाज थांबली की माणूस ट्यूब कोपऱ्यात टाकतो. आठवड्यानं चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग पुन्हा तीच ट्यूब. सहा-सहा महिने या फेऱ्यात अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना पुढची ट्यूब देणारा हात अनेकदा माझा होता.

क्लोबेटासोल हे तर स्टिरॉइड मलमांतल्या सर्वांत तीव्र गटातलं. डॉक्टरसुद्धा ते सलग दोन आठवड्यांपलीकडं सहसा देत नाहीत. जांघ, काख, चेहरा इथली कातडी पातळ, शिवाय घडीत घाम आणि ओल, त्यामुळं औषध जास्त आत मुरतं. वर घट्ट लंगोट असला की विचारूच नका. कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात आणि त्या रेघा उमटतात. रंग पुढं फिका होतो, पण रेघा जन्मभर राहतात. पोरानं विचारलं, "आजोबा, ह्या जातील न्हवं?" मला त्याच्याशी खोटं बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी चट्ट्याच्या कडेची थोडी खपली पात्यानं काचपट्टीवर खरवडून घेतली, तपासणी करून बुरशीची खात्री केली. ट्यूब बंद करायला सांगितली. फक्त बुरशीवरचं मलम आणि पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी पुढं दोन आठवडे सोडायचं नाही. त्यांनी आधीच बजावलं होतं की स्टिरॉइड सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस लाली आणि खाज उलट वाढेल, तेव्हा घाबरायचं नाही. तसंच झालं. चौथ्या रात्री साडेअकराला पोराचा फोन. "आजोबा, ती ट्यूबच बरी हुती." बहुतेक माणसं याच रात्री पुन्हा मेडिकल गाठतात.

यातली एक गोष्ट पेठेत फार कुणाला माहीत नाही. आपल्याकडं गेल्या काही वर्षांत जे हट्टी गजकर्ण पसरलंय, त्यातल्या बुरशीचा एक प्रकार जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली वेगळा ओळखला. त्याचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. त्यातल्या बऱ्याच बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. ही अशी मलमं मनाला येईल तशी वापरल्यानं तिच्या पसरण्याला हातभार लागला, असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात. तालमीतल्या नऊ पोरांची एक ट्यूब ही तालमीपुरती राहत नाही, ती अशी.

कायद्याचंही सांगतो. पूर्वी स्टिरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत होती, पण वरून लावायच्या मलमांना सूट होती. त्या सवलतीवर आम्ही सगळ्यांनी दुकानं चालवली. 2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइडच्या मलमांची ती सूट काढली. तेव्हापासून ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेष्टणावर लाल रेघ आणि इशारा असतो तो याच्यासाठी. नियम आल्यावरही मी काही दिवस ओळखीच्या माणसांना चिठ्ठीविना ट्यूब दिली. "रोजचं गिऱ्हाईक, नाराज कशाला करा" हा त्यामागचा विचार. त्या चुकीची भरपाई म्हणून हे पत्र लिहितोय असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

मात्र कुणी असाही अर्थ काढू नये की हे मलम म्हणजे विष. योग्य दुखण्याला, योग्य दिवस वापरलं तर ते फार चांगलं औषध आहे. आमच्या घरातलंच उदाहरण देतो. गेल्या हिवाळ्यात सौ.च्या हातांना इसब झालं. भांड्याची पावडर आणि थंडी. बोटांच्या पेरांवर भेगा, त्यात जंतू जाऊन पिवळट खपल्या धरल्या. डॉक्टरांनी बीटामेथासोन आणि फ्युसिडिक ॲसिड असलेलं मलम लिहून दिलं. इथं स्टिरॉइड इसबाची आग शमवतं आणि अँटिबायोटिक त्यात शिरलेल्या जंतूंना मारतं. दोघांना आपापलं काम होतं. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, दिवसातून दोनदा, पातळ थर, सात दिवस. मी ट्यूबवर पेनानं सुरुवातीची आणि शेवटची तारीख घातली. आठव्या दिवशी हात साफ होते आणि ट्यूब बंद झाली. पुढं फक्त साधं मॉइश्चरायझर आणि भांडी घासताना हातमोजे.

पातळ थर म्हणजे किती, हे मला गिऱ्हाईकं विचारत, आणि मी "थोडं लावा" एवढंच सांगत असे. त्याचं एक सोपं माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. म्हणजे 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी 30 बोटं. आमच्या सौ.नं हे माप पहिल्यांदा केलं तेव्हा म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय?" तिला दुप्पट लावायची सवय. लावून झाल्यावर चोळत बसायचं नाही, वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक बांधायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. दुखणं हातावर नसेल तर लावल्यावर हात धुवायचे, नाहीतर तोच हात डोळ्याला जातो. डोळ्यांच्या आसपास महिनोन् महिने स्टिरॉइड लागत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूची भीती असते.

लहान बाळांच्या बाबतीत तर मी हात जोडून विनंती करतो. बाळाच्या नाजूक कातडीतून हे औषध रक्तात जातं आणि शरीर स्वतः तयार करतं त्या हार्मोनवर परिणाम करू शकतं. आणि डायपर म्हणजे प्लॅस्टिकची पट्टीच. मांडीला पुरळ आलं म्हणून थोरल्या माणसाची ट्यूब बाळाला लावणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. प्रेमानंच लावतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय लावू नका.

लग्नसराईत आणखी एक प्रकार चालतो. वांगाच्या डागांसाठी मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन एकत्र असलेलं मलम डॉक्टर काही आठवड्यांसाठी लिहून देतात. तेच मुली "गोरं व्हायचं क्रीम" म्हणून वर्ष वर्ष तोंडाला लावतात. नात्यातल्या एका मुलीचा चेहरा असा झाला की उन्हात गेलं की लालबुंद, आरशात बघवत नाही, आणि क्रीम सोडलं की आग. तिला कुणी दिलं, कुठून दिलं, ते इथं लिहीत नाही. त्या पोरीनं दोन वर्षं घराबाहेर पडताना ओढणी बांधली, एवढंच लिहितो.

आणखी एक. निओमायसिनची काही लोकांना ॲलर्जी असते. मग मलम लावूनही जागा चिघळते, आणि माणूस समजतो की औषध कमी पडतंय, म्हणून आणखी लावतो. मलम लावून दुखणं वाढलं तर थांबायचं आणि दाखवायचं.

तालमीतल्या वस्तादांना माझं सांगणं आहे. स्पर्धेत वजनाच्या वेळी वैद्यकीय तपासणीत संसर्गाचा त्वचारोग दिसला तर मल्लाला बाहेर ठेवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मग पोरं आजार लपवतात आणि ट्यूब फिरते. मातीत उतरायच्या आधी रोज सकाळी पोरांची मान, काख, जांघ बघा. ज्याला चट्टा आहे त्याला शिव्या न घालता डॉक्टरांकडं पाठवा, सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. टॉवेल, लंगोट, गादी ज्याची त्याची. लंगोट गरम पाण्यात धुवा, आणि पावसाळ्यात ऊन नाही म्हणून ओलाच चढवू नका, इस्त्री फिरवा. आमच्या पोरानं हे सुरू केल्यावर खोलीतल्या दोघांनी त्याची चेष्टा केली. तिसऱ्या आठवड्यात तेच दोघे माझ्या दारात उभे होते.

माझ्या व्यवसायातल्या भावांना काय सांगू? तुमचं भाडं, पगार, शेजारच्या दुकानाशी स्पर्धा, सगळं मला ठाऊक आहे. "इथं नाही दिली तर पुढच्या दुकानात मिळेल" हे वाक्य मीच शेकडो वेळा म्हटलंय. पण चिठ्ठी मागा. जुनी चिठ्ठी घेऊन कुणी आला तर तारीख बघा. आणि अन्न व औषध प्रशासनानं पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी या एका ट्यूबसाठी पेठापेठांतून तपासणी करावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी करतो.

पोरगं आता बरं आहे. चट्टा गेला, गोळ्यांचा शेवटचा आठवडा सुरू आहे. ती मातीची ट्यूब मी फेकलेली नाही, एका जुन्या औषधाच्या डब्यात ठेवलीय. कुठल्याही तालमीनं बोलावलं तर ती ट्यूब आणि भिंग घेऊन मी येईन, पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी अक्षरं वाचू दे. संध्याकाळी पाचनंतर मी मोकळाच असतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट
शिवाजी पेठ, कोल्हापूर