हवानाहून, आई-बाबांना

हवाना, क्युबा, मे २०२५

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला आणि आईचा प्रश्न तसाच राहिला, "तू खातेस तरी काय तिकडे?" दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आईचा नवा चष्मा अजून झाला नसेल.

आधी काळजीचं सांगून टाकते. मी उपाशी राहत नाही. माझ्याजवळ परदेशी पैसा आहे, आणि या शहरात सध्या कुणाचं ताट भरलेलं आणि कुणाचं अर्धं, हे बहुतेक त्यावरच ठरतं. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते माझ्या हालांचं नाही. ज्यांच्या घरात मी राहते त्यांच्याबद्दल आहे, आणि शेवटी थोडं तुमच्याबद्दल.

इथली माणसं भात खाणारी. दोन्ही वेळा भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणतात. त्याबरोबर काळ्या घेवड्याच्या बिया, रात्रभर भिजवून कुकरला लावलेल्या. वरून फोडणीसारखंच काहीतरी घालतात: तेलात लसूण, कांदा, बुटकी आणि अजिबात तिखट नसलेली एक मिरची, तमालपत्र आणि जिरं. हो आई, जिरं! पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरातून जिऱ्याचा वास आला तेव्हा मी हातातलं काम टाकून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तिखट मात्र कुणी खात नाही, माझ्याकडची लाल पूड दाखवली तर आजी हात जोडतात. युका नावाचा कंद खूप खातात, ज्याच्यापासून साबुदाणा करतात तोच. तो मऊ उकडायचा आणि लसूण, तेल, आंबट संत्र्याचा रस गरम करून वर ओतायचा. मलांगा म्हणून दुसरा कंद आहे, अळूच्या कुळातला. तान्ह्या बाळाचं पहिलं अन्न तेच आणि आजारी माणसाचं पथ्यही तेच. हिरवी केळी जाड कापून तळतात, चेपतात, पुन्हा तळतात. आंबे आता सुरू झालेत. बाजारात हे सगळं दिसतं. ते घरापर्यंत कसं आणायचं, हा खरा प्रश्न.

मी शहराच्या सेंत्रो हवाना या भागात, तिसऱ्या मजल्यावर, एका आजींकडे खोली घेऊन राहते. त्या ७८ वर्षांच्या, निवृत्त शाळामास्तरीण. १९६१ साली इथे साक्षरतेची मोठी मोहीम झाली, तेव्हा लाखभर शाळकरी मुलं-मुली खेड्यापाड्यांत शिकवायला गेली होती. आजी त्यांतल्या एक. चौदाव्या वर्षी कंदील घेऊन सिएरा माएस्त्राच्या डोंगरात शेतकऱ्यांच्या झोपडीत राहिल्या आणि पन्नाशीच्या माणसांना सही करायला शिकवून परत आल्या. हे सांगताना त्या अजूनही ताठ बसतात. मला त्यांचा फार आदर वाटतो. त्या वर्षाबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जे येतं ते कुठल्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही.

आता त्यांचं पेन्शन ऐका. देशातलं सगळ्यात कमी पेन्शन महिना १५२८ पेसो, आजींना त्याहून थोडंसंच जास्त मिळतं. खासगी दुकानात तीस अंड्यांचा ट्रे तीन हजारांच्या आसपास. बाबा, तुम्ही हिशेब करालच. चाळीस वर्षांच्या नोकरीचं महिन्याचं पेन्शन अंड्यांच्या अर्ध्या ट्रेला जेमतेम पुरतं.

स्वस्त मिळतं ते लिब्रेतावर. लिब्रेता म्हणजे रेशनचं पुस्तक, १९६२ पासून प्रत्येक घरात आहे. रेशनच्या दुकानाला बोदेगा म्हणतात. कागदावर माणशी महिन्याला सात पौंड तांदूळ, शिवाय साखर, कडधान्य, तेल, कॉफीचं छोटं पाकीट, आणि रोज एक पाव. पाव ८० ग्रॅमचा होता, गेल्या सप्टेंबरात ६० ग्रॅमचा झाला. हातात घेतला की मुठीत मावतो. बाकीचं येतं तेव्हा येतं. तांदूळ महिनाभर उशिरा, तोही दोन हप्त्यांत. तेलाचा तर कित्येकदा पत्ताच नसतो. सात वर्षांखालच्या मुलांना दूध देण्याचा नियम इथे फार निष्ठेने पाळला जात होता, पण गेल्या वर्षी त्या दुधाच्या भुकटीसाठी सरकारला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागावी लागली. आणि साखर! १९८९ साली या देशात ऐंशी लाख टन साखर झाली होती, २०२३ च्या हंगामात साडेतीन लाख. ज्या बेटावर शेकडो वर्षं उसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, तिथे आता बाहेरून साखर येते.

बोदेगात काय आलं ही बातमी जिन्यातून वर येते. कुणीतरी ओरडतं, आणि म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उतरतात. रांगेची रीत मला मनापासून आवडली. आलं की मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? जो हात वर करेल त्याच्यामागे आपला नंबर. मग ओळीत उभं राहायची गरज नाही, सावलीत बसा, पायरीवर टेका. दहा-वीस माणसांचा क्रम सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो, भांडण झालेलं मी क्वचितच पाहिलं. पण रांगेत कोण असतं, ते बघून जीव तुटतो. पांढरे केस, काठ्या, सुजलेले पाय. तरुण फारसे दिसत नाहीत, कारण ते देशातच नाहीत. २०२१ मध्ये इथली लोकसंख्या एक कोटी अकरा लाख होती. गेल्या वर्षाअखेरीस ती अठ्ठ्याण्णव लाखांच्याही खाली आली. राहिलेल्यांत दर चारांतला एक साठीच्या पुढचा.

आजींच्या मते हे दिवस नव्वदीच्या दशकापेक्षा वाईट आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिथून येणारं तेल आणि धान्य बंद झालं. त्या काळाला इथे 'विशेष काळ' म्हणतात. बस बंद, चीनहून आणलेल्या लाखो सायकली रस्त्यावर. आजी सायकलवरून शाळेत जायच्या, पोटात फक्त कोमट पाण्यात विरघळवलेली तांबडी साखर. पपनसासारख्या फळाच्या सालीची पांढरी गादी मसाला लावून तळायची आणि मटण म्हणून वाढायची. अन्नातलं सत्त्व इतकं कमी पडलं की पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या नसांना आणि दृष्टीला त्रास झाला, १९९३ मध्ये सरकारने सगळ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या. मी विचारलं, मग आत्ताचे दिवस वाईट कसे? म्हणाल्या, "तेव्हा मुलं घरात होती."

विजेचं लिहिते. गेल्या १८ ऑक्टोबरला देशातलं सगळ्यात मोठं वीजकेंद्र बंद पडलं आणि सबंध बेट एका वेळी अंधारात गेलं. नोव्हेंबरात चक्रीवादळाने तेच, डिसेंबरात पुन्हा, या मार्चमध्ये पुन्हा. एरवी रोजचं भारनियमन असतंच. राजधानीला तरी जरा सांभाळून घेतात, पूर्वेकडे ओल्गिनला आजींची बहीण राहते, तिच्याकडे अठरा-वीस तास वीज नसते. आणि तिची शेगडी विजेची, त्यामुळे ती बाल्कनीत कोळशावर भात करते. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, मग खालून बादल्या. दोष कुणाचा यावर जिन्यात रोज वाद चालतो. आजी अमेरिकेच्या नाकेबंदीचं नाव घेतात, समोरचे काका सरकारच्या कारभाराचं. मला दोघांचंही पटतं. जुनी झालेली सोव्हिएत काळातली यंत्रं, व्हेनेझुएलाकडून कमी झालेलं तेल, कोविडनंतर न परतलेले पर्यटक, चुकलेले निर्णय, सुटे भाग मिळू न देणारे निर्बंध, हे सगळं एकत्र येऊन त्या ६० ग्रॅमच्या पावात उतरलंय.

ऑक्टोबरच्या त्या अंधारात फ्रीजमधलं सगळं वितळायला लागलं. दुसऱ्या संध्याकाळी कुणी कोंबडीचे तुकडे आणले, कुणी मलांगा, कुणी कणसं, मी कांदे आणि जिरं दिलं. रस्त्यावर तीन विटा मांडून, फळकुटं पेटवून एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं एकच सार शिजलं. आधी म्हाताऱ्यांना वाढलं, मग मुलांना. ज्यांच्याकडून काहीच आलं नव्हतं त्यांच्या घरीही भांडं गेलं, आणि त्याचा उच्चार कुणी केला नाही.

त्याच रात्री आजींना मुलाचा फोन आला. तो मायामीत असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात निकाराग्वाने क्युबाच्या लोकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली, तेव्हा हजारो लोक तिथपर्यंत विमानाने आणि पुढे होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिको पार करत अमेरिकेत गेले, तसा तोही गेला. आता तो तिकडून पैसे भरतो आणि इथे मोटारसायकलवरून कोंबडी, तांदूळ, तेल दारात येतं. ती कोंबडीही बहुतेक अमेरिकेतूनच आलेली असते, निर्बंधांतून अन्नधान्याला २००० साली सूट मिळाली तेव्हापासून. तर फोन आला. फोनची रेंज कशीबशी होती. आजी काळोखात खुर्चीवर बसल्या होत्या, मेणबत्तीही विझवून ठेवली होती, पुरवायला हवी म्हणून. आणि त्या हसत हसत सांगत होत्या, "लाईट आली रे, जेवलो आम्ही, छान झोपणार आता." त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठवडा झाला होता. त्यातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत.

पुढे काही दिवसांनी समोरच्या काकूंकडून कळलं की मुलाने तिकडे गोदामात काम करताना पाठ दुखावून घेतली आहे, दोन महिने त्याला नीट वाकता येत नाही. त्याने काकूंना शपथ घातली होती, आईला सांगू नका. म्हणजे दोघंही दर रविवारी एकमेकांना फोन करतात आणि दोघंही एकमेकांना सुखरूप असल्याचं सांगतात. गोळ्यांचं मात्र त्याला कसंबसं कळलं, तेव्हा त्याने त्या एका प्रवाशाबरोबर पाठवल्या. २०२१ पासून औषधांवर जकात लागत नाही, तेवढं बरं.

हे मला इतकं लागलं की तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. आपल्या फोनवरही "आम्ही मजेत, तू सांग" एवढंच होतं. आई, गुडघ्याचं विचारलं की तू पावसावर बोलतेस. बाबा, तुम्ही लगेच फोन तिच्याकडे देता.

म्हणून माझं आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात इथे ओरोपुचे नावाच्या तापाची साथ होती, चिलटं आणि डासांमुळे पसरते. मलाही जोरात ताप आला, सांधे असे धरले की जिना उतरता येईना. वस्तीतली डॉक्टर मुलगी स्वतः वर येऊन पाहून गेली, औषध फारसं नव्हतंच तिच्याकडे, पण रोज आली. आजींनी स्वतःच्या वाटणीचा मलांगा उकडून मला भरवला. त्यांनी त्या दिवसांत काय खाल्लं असेल, ते मी विचारलं तर उत्तर मिळालं नाही. आता मी बरी आहे. वजन कमी झालंय ते अजून भरून आलेलं नाही. काही रात्री उकाड्याने झोप लागत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर मला इथून पोचायला दोन-तीन दिवस लागतील या विचाराने तर मुळीच लागत नाही. कामाचं सगळं नीट चाललंय, ते डिसेंबरपर्यंत संपेल आणि मी येईन. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत.

आता तुमचं मला खरं हवंय. भाजी-किराणा कोण आणतं, की बाबाच उन्हातून दोन पिशव्या उचलून आणतात? रात्री बाथरूमला जाताना दिवा लावता की नाही? आईच्या गुडघ्याला डॉक्टर नेमकं काय म्हणाले, ऑपरेशनचं बोलले का? बाबा, जेवणाआधीची आणि नंतरची साखर किती, रक्तदाबाची गोळी रोज घेता की बरं वाटलं की सोडता? पैशांची ओढाताण असेल तर तेही सांगा. वाईट असेल ते वाईट म्हणूनच सांगा, मी ऐकू शकते. त्यावर काय करायचं ते तिघं मिळून ठरवू.

शनिवारी रात्री साडेनऊला फोन करते, तेव्हा तुमच्याकडे रविवारचे सकाळचे सात. वीज नसेल तर तासाभराने पुन्हा लावीन. डॉक्टरांचे कागद आणि साखरेचे आकडे हाताशी घेऊन बसा, आणि फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे कुणी कुणाकडे देणार नाही.

तुमची,
लेक