पावती नको, कमानीवर फोटो हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थी जवळ आली, गावोगावी वर्गणी सुरू झाली. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमच्या गावात मी काही वर्षे सार्वजनिक गणपतीचा खजिनदार होतो. तेव्हाची एक गोष्ट अजून सलते.

मटक्यावर गब्बर झालेल्या एका माणसाने आमच्या नाटकाचा सगळा खर्च उचलला. मी पावतीपुस्तक उघडलं तर म्हणाला, "पावती नाका, फोटो मात कमानीर घालात." घातला. गणपतीपेक्षा मोठाच झाला तो. रात्री शाल-श्रीफळ दिलं तेव्हा पहिल्या रांगेतली शाळकरी पोरं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

पुढच्या वर्षी त्याच्या माणसांनी भर बाजारात एका दुकानदाराला मारलं. बघणारे पुष्कळ, जबानी द्यायला कोणी नाही. भीती होतीच, पण "पात्रांव (मालक) गावासाठी किती करतो" हेही मी कितीजणांच्या तोंडून ऐकलं. नाटकाला दिलेले पैसे त्याने त्या दिवशी वसूल केले.

ही रीत जुनी आहे. माटुंगा स्टेशनाबाहेरचा, मुंबईतला डॉन वरदराजन मुदलियारचा गणपती मुंबईकरांना आठवत असेल. कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबारने कोलंबियात गरिबांना घरं बांधून दिली, मैदानं दिली आणि १९८२ साली तो संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमधल्या यामागुची-गुमी या टोळीने लोकांना अन्नपाणी वाटलं. भुकेल्याने ते घेतलं, त्याला दोष कसा देणार? आमचं तसं नव्हतं. आम्हाला फक्त नाटक मोठं करायचं होतं.

जुलै २०१४ मध्ये इटलीतल्या ओप्पिदो मामेर्तिना गावात सायबिणीची (मदर मेरीची) मिरवणूक नजरकैदेतल्या एका माफिया म्होरक्याच्या घरासमोर थांबली आणि मूर्ती त्याच्या दिशेने झुकवली गेली. बंदोबस्तावरचा पोलीस अधिकारी तिथूनच मिरवणूक सोडून निघून गेला. आमच्या मंचावर मात्र पोलीस साहेब त्या देणगीदाराच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि खुर्च्या मीच मांडल्या होत्या.

उत्सव समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, देणगीदारांची यादी देवळाच्या फलकावर लावा आणि कमानीवर देवाशिवाय कोणाचा फोटो नको. नाटक नाही झालं तर भजन करू, त्याला पेटी-तबला पुरतो. येत्या रविवारी आमच्या समितीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे.

आपला,
एक माजी खजिनदार, डिचोली