पहाटे वर येणारे मासे

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात म्हणून तू खाद्य वाढवलंस, ते आजच थांबव. ती भूक नाही, तापलेल्या पाण्यात लागलेली धाप आहे.

३० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सातच्या आसपास. फरक किरकोळ वाटेल. पण मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. आवक घटली, खर्च वाढला. त्यात रात्रभर शेवाळही ऑक्सिजन ओढतं, म्हणून खरी टंचाई भर दुपारी नाही, उजाडायच्या आधी. कटला मासा वरच्या थरातला, त्याची धडपड आधी दिसते. तळातला मृगळही वर आला, तर उशीर झालाय समज.

एरवी माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्य देतोस ना? पाणी ३३ अंशांवर गेलं की निम्मं कर, ३६ ला बंद. द्यायचं तेही सकाळी नऊनंतर. संध्याकाळी नकोच, पचवायलाही ऑक्सिजन लागतो, आणि उरलेली पेंड कुजून अमोनिया होतो. पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल तर ३० अंशांना एकूण अमोनियातला सात-आठ टक्केच भाग विषारी असतो. सामू ९ झाला की चाळीस टक्क्यांच्या वर. हिरव्यागार तळ्यात दुपारी ९ सहज होतो. अशा वेळी लोक हमखास चुना टाकतात आणि सामू आणखी चढवून बसतात. तू टाकू नकोस.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री बारापासून सूर्य वर येईपर्यंत चालव, आणि दुपारी एक ते तीन. दुपारचं वीजबिल वाया जात नाही. वरचं गरम पाणी हलकं, खालचं जड, त्यामुळे तळाचं विष्ठेचं पाणी ऑक्सिजनविना तसंच पडून राहतं. वळीव कोसळला की वरचं पाणी एकदम गार होऊन खाली जातं, तळातलं वर येतं, आणि सकाळी पांढरी पोटं तरंगतात. रोज ढवळलेल्या तळ्यात हा धोका खूप कमी.

वीज गेली तर इंजिनावर विहिरीचं पाणी सोड, पण पाइप तळ्यात बुडवू नकोस. खोल विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमीच असतो. भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून पाड. दिवसाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नकोस, गार पाण्याचा धक्काही बसतो.

ताणाखालच्या माशाची प्रतिकारशक्ती ढासळते, अंगावरचा बुळबुळीत थर पातळ होतो. मग लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले. माशांची ऊ (अंगाला चिकटणारा परजीवी किडा) लागली तर कडेला अंग घासणं. सकाळी सातच्या आत फेकजाळ्याने दोन-तीन मासे धर, दुपारी जाळं अजिबात नको. कल्ल्याचं झाकण उचलून बघ: लालभडक असेल तर ठीक, फिकट किंवा चॉकलेटी दिसलं तर लगेच फोन कर.

दोन दिवस पहाटे पाचला आणि दुपारी तीनला, गुडघाभर खोलीवर आणि तळाशी, तापमान व सामू मोजून कळव. तळाचं पाणी काढायला बाटलीला दगड बांध आणि बुचाला वेगळी दोरी.

तुझा,
सुभाष