पान उलटलं की झूम उडतो : डॉक्युमेंट वाचायच्या अ‍ॅपबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीत पान बदलताच झूम व पानावरची जागा हरवते, त्याबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहते आणि आमच्या शेतकरी गटाची कागदपत्रं सांभाळते. तुमच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी मी भरलेली आहे. सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, बँकेचं पत्र, औषधांची माहितीपत्रकं, आजकाल सगळं पीडीएफमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. घरोघरी संगणक नाही, त्यामुळे हे सगळं मोबाइलवरच वाचावं लागतं.

आधीच्या आवृत्तीत मी एकदा झूम लावला की तो पुढच्या पानावरही तसाच राहायचा. नव्या आवृत्तीत पान सरकवलं की अख्खं पान पुन्हा स्क्रीनवर येऊन बसतं. फोन आला आणि परत अ‍ॅपमध्ये गेलं, तरी तेच. परत चिमटा, परत सरकवणं, परत ओळ शोधणं.

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो आणि उभ्या धरलेल्या मोबाइलची स्क्रीन साधारण ७ सेंटिमीटर. म्हणजे अख्खं पान दिसतं तेव्हा अक्षर मूळच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच उरतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, आणि भर उन्हात वावरात तर तरण्या पोरालाही नाही. तेव्हा झूम आमच्यासाठी हौसेची सोय नाही, त्याच्याशिवाय कागद वाचलाच जात नाही.

सातबाऱ्याचंच घ्या. डावीकडे खातेदाराचं नाव, मग क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा), पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन), फेरफार (नोंदीतल्या बदलाचा) क्रमांक आणि पार उजव्या टोकाला कुळ, खंड व इतर अधिकार. बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, त्या शेवटच्या रकान्यात असतो. आमच्याकडचे एक काकाजी परवा मोबाइल पुढे करून म्हणाले, "ताई, बँकेचा बोजा निंगाला का नाही, थे पाहा बरं." मी झूम करून उजवीकडे गेले, नोंद सापडली, फेरफार क्रमांक ताडून पाहायला पुढच्या पानावर गेले, तर पान लहान होऊन पहिल्या ओळीवर. मागं आले तर तिथंही तेच. डाव्या बाजूचं नाव आणि उजव्या बाजूचा बोजा एकमेकांशी ताडून पाहायचा असतो, आणि तुमचं अ‍ॅप नेमकी तीच जागा सोडून देतं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि आकार रुपये-पैशांत, दोन्ही दशांश चिन्हाचेच आकडे. रकान्याचं नाव स्क्रीनबाहेर गेलं की कोणता आकडा कशाचा, हे नजरेला कळत नाही.

याहून मोठी काळजी फवारणीची आहे. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यात हेक्टरी मात्रा दोन प्रकारे दिलेली असते : एका रकान्यात सक्रिय घटक, म्हणजे औषधातलं मूळ कीटकनाशक, शेजारच्या रकान्यात बाटलीतलं प्रत्यक्ष औषध. पुढे पाणी किती लिटर, आणि शेवटी फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. पऱ्हाटीची (कापसाची) ओळ धरून डावीकडून उजवीकडे जाताना पानाने उडी मारली, तर तुरीच्या ओळीतला आकडा वाचला जातो, नाहीतर सक्रिय घटकाचाच आकडा औषध समजून घेतला जातो. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे आमच्या गटात आता माहितीपत्रक वाचल्याशिवाय पंप भरत नाहीत, आणि ते वाचन मी मोठ्याने करते. तिथं आकडा चुकून चालत नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर दोन उपाय सांगितले. पहिला, मोबाइल आडवा धरा. आडवा धरला की अक्षर मोठं होतं हे खरं, पण चारदोन ओळीच दिसतात आणि मोबाइल वळवताच पान पुन्हा माथ्यावर जातं. दुसरा, वाचन मोड लावा, म्हणजे मजकूर स्क्रीनच्या रुंदीत बसतो. मराठी कागदांना तो लागू पडत नाही. अनेक कागद स्कॅन केलेले, म्हणजे नुसती चित्रं असतात, त्यांत मजकूरच नसतो. जुन्या फॉन्टमधले कागद उघडले की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीतल्या काही कागदांतही वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. तक्त्याचे रकाने तर एकाखाली एक येऊन पडतात. ज्यांनी हा उपाय सुचवला त्यांनी एकदा सातबारा त्या मोडमध्ये उघडून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

हे जमणारं नाही असंही नाही. पीडीएफ १९९३ पासून आहे आणि २००८ पासून तिला आंतरराष्ट्रीय मानक आहे. फाइलमधल्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाताना 'चालू झूम तसाच ठेवा' असं सांगायची सोय त्या मानकातच दिलेली आहे. आणि तुमच्याच आधीच्या आवृत्तीत ते नीट चालत होतं.

माझं मागणं असं. वापरणाऱ्याने लावलेला झूम आणि पानावरची जागा पान बदलल्यावर, मोबाइल वळवल्यावर आणि फाइल पुन्हा उघडल्यावर कायम राहावी. अख्खं पान पाहायचं असेल तर त्याला वेगळं बटण द्या, आम्ही ते दाबू. आडवं सरकणं बंद करायचं कुलूप द्या, म्हणजे खाली जाताना रकाना हलणार नाही. आणि जमलं तर स्क्रीनचे दोन भाग करायची सोय द्या : वर तक्त्याचं शीर्षक थांबलेलं, खाली ओळी सरकणाऱ्या. एक्सेलमध्ये वरची ओळ गोठवता येते, तसंच. यातलं पहिलं मागणं सगळ्यांत आधी पूर्ण करा, बाकीच्यांना वेळ लागला तरी चालेल.

फवारणीचे दिवस सुरू आहेत, म्हणून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. तोवर निदान जुनी आवृत्ती परत बसवायची मुभा द्या. दोन्ही शक्य नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

सोबत सातबाऱ्याच्या नमुन्यावर पान सरकवण्याआधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. खातेदारांची नावं त्यांत झाकली आहेत.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ