सागवान मागणाऱ्यांच्या हाती हेदूचं लाकूड देणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. तुमच्या करवतीखालून निघालेल्या पट्ट्या आज बऱ्याच टेबलांवर जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींच्या अंगाला चिकटल्या आहेत, आणि ‘लाकूड कोणतं, कापलं कसं’ हे विचारणारे थांबत नाहीत. तुम्ही स्वतः काही लिहून ठेवणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून आभार मानता मानता तुमची विद्याही इथेच उतरवून ठेवतो.

जहाज कोणतं ते आधी सांगू. त्रिंकोमाली. जमशेदजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली. नेपोलियनच्या लढायांमुळे इंग्लंडात ओक मिळेना, म्हणून काम मुंबईकडे आलं. आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ नावाचं जहाज डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांच्या हाती पडलं, तेव्हा नवे आराखडे येईपर्यंत थांबणं आलं. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे 150 फूट, रुंदी सुमारे 40; म्हणजे 1:64 या प्रमाणात 71 सेंटिमीटर आणि 19 सेंटिमीटर. एका टेबलावर मावेल असा आकार.

आता मुंबईत बांधलेलं सागवानी जहाज करायचं म्हटल्यावर जो तो सागवानच मागणार. तुम्ही ते दिलं नाहीत, याबद्दल पहिले आभार.

सागवानाच्या तुकड्याचं टोक धारदार पटाशीनं साफ करून भिंगाखाली धरायला लावलंत. वलयांच्या कडेला भोकांची रांग दिसते, एकेक भोक साधारण पाव मिलिमीटरचं. फर्निचरात कोणी ते बघत नाही. 1:64 वर मात्र पाव मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर 16 मिलिमीटर. फळीत बोट घालता येईल एवढं! वर पॉलिश चढवलं की ते भोक आणखी ठळक होतं. हेदूचा तुकडा तसाच धरला तर भोकं अगदी बारीक निघतात. रंग हळदीसारखा, पोत एकसारखा, पूर्वी सूतगिरण्यांचे बॉबिन आणि कंगवे याचे होत. वर पातळ तपकिरी रंग दिला की दुरून सागवान वाटतं आणि जवळूनही फसवत नाही. खऱ्या सागवानाला तुम्ही एकच जागा ठेवलीत, खालची बैठक. तिथेही अट: लाकूड तेलकट असल्यामुळे ताज्या कापलेल्या बाजूवर अॅसिटोनचा बोळा फिरवायचा आणि लगेच गोंद लावायचा, आठवड्याचा जुना काप चिकटवायला घ्यायचा नाही.

कापण्याची तुमची रीत सगळ्यात उपयोगी पडली, म्हणून ती सविस्तर. आम्हाला पट्टी हवी 5 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड. फर्निचरच्या दुकानात करवतीचं पातं 3 मिलिमीटर जाड असतं. 100 मिलिमीटर रुंदीच्या फळीतून त्यानं 25 पट्ट्या निघतात आणि तीन चतुर्थांश लाकूड भुशात जातं. तुम्ही 1 मिलिमीटरचं बारीक दातांचं पातं बसवलंत. त्याच फळीतून 50. त्याहून मोलाचा तुमचा क्रम. आधी रंधा मशीनवर फळीची जाडी नेमकी 5 करायची, मग तिच्या कडेच्या एक-एक मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या. पट्टीची रुंदी रंध्यानं ठरते, करवतीवर फक्त जाडी सोडायची. उलट केलं तर दोन्ही मापं करवतीच्या लहरीवर जातात. पात्याभोवतीच्या पत्र्याच्या फटीत पातळ पट्टी अडकून उडते, म्हणून टेबलावर प्लायचा तुकडा दाबून धरून फिरतं पातं खालून वर घ्यायचं. पातं स्वतःची फट स्वतः कापतं, त्यापेक्षा एक केस रुंद नाही.

आणि कापण्याआधी फळीच्या तोंडावर पेन्सिलीनं तिरकी रेघ. वरवर पाहता पोरखेळ. पण पट्ट्या विस्कटल्या तरी रेघ जुळवून लावल्या की मूळ क्रम परत मिळतो, आणि शेजारच्या दोन पट्ट्या जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकाच ओळीत लावता येतात. रंग जुळतो, बाकही सारखाच धरतात. ही रेघ न मारलेलं जहाज आम्ही लांबूनच ओळखतो: एक बाजू पिवळी, दुसरी खाकी.

सांगाड्याकडे वळतो. मधला कणा 5 मिलिमीटर प्लायचा, त्यात जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे खाचांनी बसतात. नवखे लोक खाच घट्ट ठेवतात, कारण घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं. पंधरा-सोळा खाचा प्रत्येकी केसभर घट्ट झाल्या की कणा केळ्यासारखा वाकतो आणि वर फळ्या चढल्यावर तो कोणाच्या बापाला सरळ होत नाही. साचा स्वतःच्या वजनानं उतरला पाहिजे, ही तुमची कसोटी. पीळ ओळखायला दोन सरळ पट्ट्या कण्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे डोळा लावायचा, हीसुद्धा तुमचीच.

साच्यांच्या कडा तासण्यात घाई करू नका हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आता तेच वाक्य आम्ही इतरांना ऐकवतो. जहाज नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळतं होतं, तेव्हा साच्याच्या चौकोनी कडेवर पट्टी फक्त कोपऱ्याला टेकते. लांब लाकडी पट्टीला 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून एका वेळी तीन-चार साच्यांवर फिरवायचा आणि मधून मधून 1 × 5 ची पट्टी टेकवून पाहायची. प्रत्येक साच्याच्या पूर्ण जाडीला टेकली तरच थांबायचं. नाळेच्या शेवटच्या दोन साच्यांमधली पोकळी तुम्ही शिवण झाडाच्या लाकडाच्या ठोकळ्यांनी भरायला सांगितलीत. कोणीतरी पांगारा सुचवला होता. सावंतवाडीच्या खेळण्यांना तो उत्तम, पण इथे टाचणी पकडत नाही.

फळ्यांचा हिशेब हा तुमच्याकडून मिळालेला सगळ्यात मोठा ठेवा. मधल्या साच्यावर वरच्या जाड पट्ट्यापासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी वाकवून माप घ्यायचं. समजा 120 मिलिमीटर आलं. 5 ची पट्टी, म्हणजे 24 ओळी. तीच कागदाची पट्टी नाळेवर ठेवली तर भरते 72. त्याच 24 ओळी तिथे बसवायच्या तर प्रत्येकीला 3 मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फळी नाळेकडे 5 वरून 3 वर निमुळती करायची, चिकटवण्याआधी. हे न करता पूर्ण रुंदीची पट्टी कडेवर वाकवून दामटली की ती एका बाजूनं उचलते आणि अंग कौलांसारखं दिसू लागतं. टोकाला निम्म्याहून कमी, अडीच मिलिमीटरच्या खाली, कुठलीही फळी न्यायची नाही; तशी वेळ आलीच तर दोन ओळींची एक करायची. मागच्या बाजूला उलटा प्रकार. तिथे 132 मिलिमीटर भरले की 12 मिलिमीटर उघडे राहतात, ते पाचरीसारख्या तुकड्यांनी भरायचे. खऱ्या जहाजांवरही असंच भरत, त्यात लाज नाही.

वाकवण्याबद्दल एकच. कढत पाण्यात 20 मिनिटं, मग साच्यावर बांधून रात्रभर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी चिकटवायची. ओली पट्टी रुंदीत फुगलेली असते. तशीच लावली की सुकल्यावर शेजारणीपासून फट पडते. जुलैत मुंबई-कोकणच्या दमट हवेत लावलेल्या फळ्या जानेवारीत उघडतात त्याचंही कारण हेच. लाकूड दोन आठवडे त्याच खोलीत मुरू द्यायचं, पावसाळ्यात फक्त सांगाडा करायचा. फट पडलीच तर भुसा-गोंद भरू नये. गोंद रंग पिऊ देत नाही आणि वेगळ्या रंगाची रेघ उरते. त्याच लाकडाची कातरलेली सळी सरकवावी.

डोलकाठ्यांसाठी बाजारची गोल काठी नाकारलीत, तेही बरोबर. ती करवतीनं कापलेली असते, तंतू मध्येच तुटलेले, म्हणून पुढे बाक धरते. तुम्ही ओंडका कोयत्यानं तंतूंच्या रेषेवर फाडून काठी काढलीत. चौकोनी काठीच्या रुंदीचे 24 भाग, त्यात 7, 10, 7 वर खुणा, कोपरे तासले की अष्टकोन, पुन्हा कोपरे तासून सोळा बाजू, आणि मग पॉलिश पेपर. फळ्यांच्या खिळ्यांची नक्कल करायला बांबूच्या 0.6 मिलिमीटरच्या सळ्याही तुमच्याच सूचनेवरून. खऱ्या दीड इंची लाकडी खिळ्याचं 1:64 मध्ये तेवढंच माप येतं.

दोरकामाचं इथे काढत नाही, तो तुमचा प्रांत नव्हे आणि त्यावर आमच्यातच एकमत नाही.

एक विनंती तेवढी राहिली. पुढच्या हेदूच्या फळ्या दिवाळीनंतर निघतील असं म्हणाला होतात. त्यातल्या गाठ नसलेल्या, सरळ रेषेच्या दोन फळ्या बाजूला ठेवा, 5 वर रंधून. आणि तोंडावरची तिरकी रेघ या वेळी आम्ही येऊन मारतो.

आपले,
टाचण्या आणि पट्ट्या घेऊन बसलेले सगळे