मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला निफाड-दिंडोरीकडे आजही दिला जातो. द्राक्षांची खुडणी उरकेपर्यंत थांबल्याने सहसा बिघडत नाही. वर्षानुवर्षे थांबल्याने मात्र बिघडते, आणि तेही शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच, भिंगाचे आवरण उघडताना.

भिंगाचे पुढचे आवरण साधारण १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे. मागचे मध्यभागी जेमतेम ४. पुढच्या आवरणाला गोल छिद्र पाडून गढूळ भिंग काढायचे आणि उरलेल्या पिशवीत कृत्रिम लेन्स बसवायची. पूर्वी सुईने ओळीने टोचे मारून आवरण उघडत. त्या खाचांपैकी एखादीतून चीर मागे धावत असे. १९८०च्या दशकात हॉवर्ड गिंबेल आणि टॉमस नॉयहान या नेत्रशल्यविशारदांनी आवरण सलग गोलाकार फाडण्याची पद्धत रुजवली. तिलाच रेक्सिस म्हणतात. ६ मिमीच्या लेन्ससाठी ५ ते ५.५ मिमी छिद्र हवे. फार लहान राहिले तर पुढे आकसते, मोठे झाले तर लेन्स जागची हलू शकते.

पिकून फुगलेल्या मोतीबिंदूत आतला गर दुधासारखा पातळ होतो आणि पिशवीतला दाब वाढतो. पांढऱ्या भिंगावर आवरण दिसतही नाही, म्हणून ते ट्रिपॅन ब्लू या रंगाने निळे करावे लागते. सुई टेकताच चीर दोन्ही बाजूंना काठापर्यंत पळते. निळ्यात मधोमध पांढरा पट्टा उमटतो. सर्जन त्याला ‘अर्जेंटिनाचा झेंडा’ म्हणतात. हे टाळायला डोळ्यात चिकट जेल भरपूर भरून समोरून दाब द्यायचा, बारीक सुईने दुधाळ द्रव ओढून घ्यायचा, आधी छोटे छिद्र करून मग ते वाढवायचे. चीर बाहेर वळू लागली की ओढणे तिथेच थांबवायचे, जेल पुन्हा भरायचे, आवरणाची घडी उलगडायची आणि ते केंद्राकडे खेचायचे. तरीही चीर मागच्या आवरणात गेलीच, तर भिंगाचे तुकडे पडद्याकडे घसरतात आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

फेमटोसेकंद लेझर हे छिद्र अचूक गोल पाडतो, हे खरे. पण मोठ्या तुलनात्मक चाचण्यांत रुग्णाच्या अंतिम दृष्टीत लक्षणीय फरक दिसलेला नाही. त्यासाठी कर्ज काढू नये.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ही गोळी घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर तपासणीतच सांगा. तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही आणि शस्त्रक्रिया चालू असताना अचानक आकसू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. बंद केल्याने हा धोका जात नाही.

– एक नेत्रशल्यविशारद, नाशिक